‘थरोली’ भरलेली टाकी

(वाचकांच्या इंग्रजीविषयीच्या शंका)

प्रश्न : मी कोथरूडमधल्या ३२ बिऱ्हाडांच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. गुरुवारी पाणी बंद राहणार होतं, म्हणून आम्ही मंगळवारीच गच्चीवरची टाकी साफ करून घेतली आणि फळ्यावर नोटीस लावली. निम्मे भाडेकरू परप्रांतातले, म्हणून इंग्रजीत. मजकूर असा : ‘द ओव्हरहेड टँक वॉज थरोली क्लीन्ड अँड फिल्ड, द टेरेस वॉश्ड अँड द मेंबर्स इन्फॉर्म्ड.’ दुसऱ्या दिवशी सकाळी नोटिशीवर लाल पेनाने दोन शेरे. ‘इन्फॉर्म्ड’च्या आधी बाण काढून ‘वेअर?’ आणि ‘थरोली क्लीन्ड अँड फिल्ड’खाली दोन रेघा मारून ‘हाउ थरोली फिल्ड? वॉज इट ओव्हरफ्लोन?’ अक्षर ओळखीचं आहे. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ आहेत. पण सोसायटीत शांतता हवी म्हणून काही बोललो नाही. चूक नक्की कुठे झाली? दर वेळी ‘वॉज’ लिहायलाच हवं का?

उत्तर : तुमचे लाल पेनवाले गृहस्थ मला आवडले. प्रत्येक सोसायटीत असे एक असतातच. आमच्या इमारतीत ते काम मी करते.

आधी ‘वॉज’चं बघू. पॅसिव्ह क्रियापद दोन तुकड्यांचं असतं. पुढे ‘इज, आर, वॉज, वेअर, बीन’ यांपैकी कुणीतरी आणि मागे क्रियापदाचं तिसरं रूप, ज्याला क्लासमधली मुलं व्ही-थ्री म्हणतात. ‘द टँक वॉज क्लीन्ड अँड वॉज फिल्ड’ हे बरोबरच आहे, पण टाकी तीच, काळ तोच, तेव्हा दुसरं ‘वॉज’ गाळता येतं. ‘वॉज क्लीन्ड अँड फिल्ड’. एकाच ‘वॉज’वर दोन काय, चार व्ही-थ्री जेवतील. ‘वॉज एम्प्टीड, स्क्रब्ड, रिन्स्ड अँड फिल्ड’ म्हटलंत तरी कुणी हरकत घेणार नाही.

पुढे तुम्ही टाकी सोडून गच्चीवर गेलात. ‘द टेरेस वॉश्ड’. सब्जेक्ट बदलला, तरीही ‘वॉज’ गाळलंत. हेही इंग्रजीत चालतं. पहिल्या वाक्याचा साचा मनात ताजा असतो, वाचणारा ‘वॉज’ आपणहून भरून घेतो. टाकीही एक, गच्चीही एक, त्यामुळे तेच ‘वॉज’ तिलाही पुरतं. मेंबर मात्र ३२. त्यांना ‘वेअर’ लागतं आणि ते वाक्यात आधी कुठेच आलेलं नाही. जे आलेलंच नाही ते गाळायचं कसं? असे दाखले चांगल्या लेखकांच्या इंग्रजीतही सापडतात आणि तिथे ते खपूनही जातात, पण नोटिशीच्या फळ्यावर हा धोका पत्करू नये. लाल पेनाचा पहिला शेरा म्हणूनच मान्य करा. देवनागरीत ‘वेअर’ लिहिलं की ‘होते’ आणि ‘कुठे’ एकच दिसतात, पण इथे दोन्ही अर्थांनी शेरा चपखल बसतो.

आता खरा मुद्दा, ‘थरोली’. क्रियाविशेषण पहिल्या व्ही-थ्रीच्या आधी ठेवलं की ते त्याच्यापुरतंच राहील याची खात्री नसते. ‘अँड’ ओलांडून ते दुसऱ्याच्याही अंगणात जातं. पुष्कळदा आपल्याला तेच हवं असतं. दिवाळीत मुलाला अमेरिकेला फराळ पाठवला आणि लिहिलं, ‘द लाडूज वेअर केअरफुली पॅक्ड अँड लेबल्ड’, तर बांधणंही काळजीपूर्वक आणि चिठ्ठी चिकटवणंही. ‘वेअर पॅक्ड केअरफुली अँड लेबल्ड’ म्हटलं की काळजी बांधण्यापुरती उरली. ‘वेअर पॅक्ड अँड लेबल्ड केअरफुली’ म्हटलं तर सगळा भर चिठ्ठीवर जातो, बांधण्यापर्यंत पोचला तर पोचला. आणि ‘द लाडूज वेअर केअरफुली पॅक्ड अँड ईटन’ असं कुणी लिहिलं, तर न्यू जर्सीत बसून चमच्याने लाडू खाणारा नातू डोळ्यांपुढे येतो. व्याकरणाची चूक एकही नाही, फसगत सगळी जागेची.

तुमची टाकी त्या लाडवांसारखीच फसली. मराठीत तुम्ही ‘टाकी स्वच्छ धुऊन भरली’ म्हणाला असतात, आणि पहिल्या मजल्यावरून चकार शब्द आला नसता. ‘स्वच्छ’ हा शब्द ‘धुऊन’ला जाऊन चिकटतो आणि त्या ‘ऊन’च्या पलीकडे जात नाही. भरण्याबद्दल काही सांगायचं तर आपण वेगळा शब्द घालतो : ‘धुऊन काठोकाठ भरली’. इंग्रजीच्या ‘अँड’मध्ये तेवढी ताकद नाही. तिथे आडोसा आपणच उभा करायचा. दुसऱ्या क्रियापदाला स्वतःचं क्रियाविशेषण दिलं की पहिलं बहुधा अलीकडेच थांबतं : ‘वॉज थरोली क्लीन्ड अँड देन रीफिल्ड’. किंवा सरळ ‘वॉज’ पुन्हा लिहायचं. म्हणजे तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं की दर वेळी ‘वॉज’ लिहायलाच हवं असं नाही, पण ते पुन्हा लिहिलं की आधीचं क्रियाविशेषण बरंचसं आवरलं जातं, आणि तेवढ्यासाठी चार अक्षरं जास्त टाइप करायला काही हरकत नाही.

काळाचं क्रियाविशेषण वाक्याच्या अगदी आरंभी ठेवलं तर ते पुढच्या सगळ्यांवर छत्री धरतं. म्हणून नोटीस मी अशी लिहीन : ‘ऑन ट्यूजडे द ओव्हरहेड टँक वॉज थरोली क्लीन्ड अँड देन रीफिल्ड, अँड द टेरेस वॉज वॉश्ड.’ मंगळवार एकदाच लिहिला, तो टाकीलाही आणि गच्चीलाही पुरला. ‘यस्टरडे’ मुद्दाम टाळलं, कारण आपल्याकडची नोटीस गणपतीत लागते आणि होळीला निघते. मेंबरांना कळवल्याचं वाक्य मी गाळलं. ते ज्या फळ्यावर वाचतात, त्याच फळ्यावर ‘मेंबरांना कळवलं आहे’ कशाला?

‘ओव्हरफ्लोन’कडे शेवटी येते.

प्रश्न : मी नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करते. मराठी माध्यमाची आहे. भाषांतराच्या सरावात ‘अर्ज तपासून साहेब घरी गेले’ हे वाक्य होतं. मी ‘द ॲप्लिकेशन वॉज चेक्ड अँड वेंट होम’ लिहिलं. मैत्रिणी दोन दिवस हसताहेत. नंतर ‘अर्ज तपासून परत पाठवला’ यासाठी ‘आफ्टर चेकिंग द ॲप्लिकेशन, इट वॉज रिटर्न्ड’ लिहिलं, तर सरांनी तेही चूक दिलं. मराठीत दोन्हीकडे ‘तपासून’च आहे ना?

उत्तर : आहे. आणि तोच सापळा आहे.

आपल्या ‘तपासून’, ‘धुऊन’, ‘जेवून’ या रूपांचा दंडक असा, की पहिलं काम करणारा आणि दुसरं काम करणारा एकच. त्याचं नाव वाक्यात असो वा नसो. ‘अर्ज तपासून परत पाठवला’ यात माणूस कुठेच दिसत नाही, पण तपासणाऱ्यानेच पाठवला हे शेंबडं पोरही सांगेल. मराठी माणूस काम करणाऱ्याला धरून चालतो. इंग्रजी ‘अँड’ काम करणाऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. ते वाक्याच्या सब्जेक्टला धरतं. पॅसिव्हमध्ये सब्जेक्टच्या खुर्चीवर अर्ज बसलेला, साहेब गायब. मग ‘अँड वेंट होम’ म्हटल्यावर घरी जाणार कोण? अर्जच.

तिथे पॅसिव्हचा हट्ट सोडायचा. ‘द ऑफिसर चेक्ड द ॲप्लिकेशन अँड वेंट होम.’ दुसरं वाक्य ‘परत पाठवला’चं, तिथे पॅसिव्ह शोभून दिसतो, कारण दोन्ही कामं अर्जावरच झाली : ‘द ॲप्लिकेशन वॉज चेक्ड अँड रिटर्न्ड.’ ‘आफ्टर चेकिंग’मध्ये तुम्ही पुन्हा मराठीच इंग्रजी अक्षरांत लिहिलीत. ‘चेकिंग’ला करणारा लागतो, तो पुढच्या भागाच्या सब्जेक्टमध्ये शोधला जातो, आणि तिथे ‘इट’, म्हणजे अर्ज. अर्जाने स्वतःला तपासलं! ‘आफ्टर चेकिंग’च लिहायचं असेल तर पुढे माणूस बसवा : ‘आफ्टर चेकिंग द ॲप्लिकेशन, द ऑफिसर रिटर्न्ड इट.’

याचा सुरेख नमुना तुम्हाला तोंडपाठ आहे. संविधानाची उद्देशिका. इंग्रजीत सुरुवातीला ‘वी, द पीपल ऑफ इंडिया’, मग ‘हॅविंग सॉलेम्न्ली रिझॉल्व्ड’. निर्धार करणारे आम्ही, आणि पुढचं कामही आम्हीच करतो, म्हणून तो ‘हॅविंग’ लोंबकळत नाही. मधला न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुतेचा मोठा पट्टा पार करून शेवटी येतं ‘डू हिअरबाय अडॉप्ट, इनॅक्ट अँड गिव्ह टू अवरसेल्व्ज’. एक ‘हिअरबाय’ आणि एक ‘डू’, क्रियापदं तीन, आणि दोघेही तिघांना पुरतात. याच जागी मराठी उद्देशिकेत काय आहे ते आठवा : ‘अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण’. तीन क्रियापदं ‘अँड’ने ओळीत उभी न करता पहिल्या दोघांना ‘करून’मध्ये घेतलं. २६ नोव्हेंबर १९४९ या तारखेखालचं एकच वाक्य दोन भाषांनी आपापल्या चालीने म्हटलंय. एकदा दोन्ही समोरासमोर ठेवून वाचा. गाइड वाचण्यापेक्षा त्यात जास्त हाती लागेल.

जाता जाता, पॅसिव्ह शिकवताना शाळेत ‘कडून’ चिकटवतात तेही डोक्यातून काढा. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा आपला रोजचा कर्मणी प्रयोग. क्रियापद आंब्याच्या तालावर चालतं, पण त्याचं इंग्रजी ‘राम एट अ मँगो’च. ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ म्हटलं की वाटतं, रामाला मधुमेह आहे आणि घरच्यांनी आंबा लपवून ठेवला होता.

तुमच्यावर हसणाऱ्या मैत्रिणींना माझी गोष्ट सांगा. क्लास सुरू करण्याआधी मी बरीच वर्षं एका विमा सर्व्हेअरच्या ऑफिसात टायपिस्ट होते. सर्व्हेअर मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत टाइप करायची. स्वारगेटजवळचा एक अपघात होता. मागून टेम्पोची धडक, स्कूटर उलटली. मी लिहिलं, ‘द स्कूटर वॉज हिट फ्रॉम बिहाइंड अँड ओव्हरटर्न्ड.’ कंपनीच्या अधिकाऱ्याने पेन्सिलीने प्रश्न विचारून फाइल परत पाठवली : ‘ओव्हरटर्न्ड बाय हूम?’ धडक बसल्यावर स्कूटर आपोआप उलटली, की जमलेल्या लोकांनी उलटवली? माझ्या मनात पहिला अर्थ होता. वाक्यात दोन्ही होते. ‘ओव्हरटर्न’चं दुसरं रूप आणि तिसरं रूप एकच, त्यामुळे मागचं ‘वॉज’ तिथवर पोचतं की नाही, हे वाचणाऱ्याला कळायला मार्गच नाही. स्कूटर पडली असं म्हणून ‘अँड फेल’ लिहिलं असतं तर प्रश्न आला नसता. ‘फेल’ हे दुसरं रूप, तिसरं ‘फॉलन’. ‘वॉज’खाली ‘फेल’ बसूच शकत नाही. ‘ब्रेक–ब्रोक–ब्रोकन’सारखी अनियमित क्रियापदं पाठ करताना मुलं रडतात, पण अशा वेळी तीच वाचवतात. गोंधळ घालतात ती ‘एड’वाली गरीब क्रियापदं.

दुरुस्ती दोन अक्षरांची होती : ‘अँड इट ओव्हरटर्न्ड’. ‘इट’ आलं की नवा सब्जेक्ट आला आणि मागच्या ‘वॉज’चा हात सुटला. त्या दोन अक्षरांपायी स्कूटरवाल्याचे पैसे तीन आठवडे अडकले. तो बिचारा दर दोन दिवसांनी ऑफिसात येऊन माझ्याच टेबलासमोर बसायचा. चूक कुणाची, हे मी त्याला सांगितलं नाही.

प्रश्न : आमच्या वेळी शाळेत मास्तर सांगत, की ‘हॅज’ आणि ‘बीन’ एकमेकांपासून तोडू नका, मध्ये काही घालू नका. मुलगी म्हणते असं काही नसतं. लॉकरबद्दल बँकेला पत्र लिहायचं आहे : ‘द लॉकर हॅज नेव्हर बीन ओपन्ड अँड इन्स्पेक्टेड.’ कोण बरोबर? (सहकारनगर)

उत्तर : मुलगी. पण पत्रात एक चूक आहेच, ती शेवटी सांगते.

क्रियापदाचे तुकडे तोडू नयेत ही समजूत इंग्रजांनाही छळत आली. फाउलर नावाच्या कोशकाराने १९२६ सालीच ती धुडकावली. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये काही घालायला लोक घाबरतात आणि त्या भीतीपायी जिथे कारणच नाही तिथेही क्रियाविशेषण हटवतात, असं त्याचं म्हणणं. तरी भीती गेली नाही. २० जानेवारी २००९ ला वॉशिंग्टनमध्ये ओबामांना शपथ देताना सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ‘फेथफुली’ची जागा चुकवली. अमेरिकेच्या संविधानातले शब्द आहेत ‘आय विल फेथफुली एक्झिक्यूट’. ‘विल’ आणि ‘एक्झिक्यूट’ यांच्या बरोबर मध्ये बसलेलं ते क्रियाविशेषण त्यांनी उचलून मागे नेलं. ओबामा क्षणभर थांबले, गोंधळ झाला, आणि नसत्या शंका नकोत म्हणून दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा झाली. त्याच शपथेच्या उत्तरार्धात ‘अँड’नंतर ‘विल’ पुन्हा आलंय : ‘अँड विल टू द बेस्ट ऑफ माय अबिलिटी, प्रिझर्व्ह, प्रोटेक्ट अँड डिफेंड’. व्याकरणाला त्या दुसऱ्या ‘विल’ची गरज नव्हती. पण त्यामुळे ‘फेथफुली’ आपल्या जागी राहिलं आणि ‘टू द बेस्ट ऑफ माय अबिलिटी’ आपल्या. कोथरूडच्या टाकीला हेच हवं होतं.

पॅसिव्हमध्ये मध्ये घालायचं ठरलं की कुठे घालायचं, एवढंच बघायचं. ‘नेव्हर’, ‘ऑलरेडी’, ‘ऑफन’ असले शब्द पहिल्या सहाय्यकाला चिकटतात : ‘हॅज नेव्हर बीन ओपन्ड’, ‘हॅज ऑलरेडी बीन पेड’. काम कसं झालं किंवा किती झालं हे सांगणारे शब्द व्ही-थ्रीच्या शेजारी जातात : ‘हॅज बीन बॅडली डॅमेज्ड’. ‘हॅज बॅडली बीन डॅमेज्ड’ कानाला खडा लागल्यासारखं वाटतं.

आता चूक. नकारार्थी ‘नेव्हर’खाली दोन क्रियापदं ‘अँड’ने जोडलीत तर असा अर्थ निघू शकतो, की दोन्ही कामं मिळून कधी झाली नाहीत, त्यातलं एखादं झालंही असेल. दोन्ही झाली नाहीत असं म्हणायचं तर ‘ऑर’ घाला : ‘हॅज नेव्हर बीन ओपन्ड ऑर इन्स्पेक्टेड’. बँकेला पत्र आहे, पळवाट ठेवू नका.

प्रश्न : ‘द चेक वॉज डिसऑनर्ड, देअरफोर अ नोटिस वॉज इश्यूड’ यात काय चुकलं? (एक वकिली कारकून, शिवाजीनगर)

उत्तर : ‘देअरफोर’ क्रियाविशेषण आहे, जोडणारा शब्द नाही. आपल्या ‘म्हणून’ला जोडता येतं, त्यामुळे आपल्याला वाटतं ‘देअरफोर’लाही येत असेल. स्वल्पविराम काढून अर्धविराम द्या, किंवा ‘अँड देअरफोर’ करा. किंवा सोपं ‘सो’. मात्र वकीलसाहेबांना ‘सो’ चालणार नाही.

आता ‘ओव्हरफ्लोन’. सेक्रेटरीसाहेब, हे तुमच्या एकट्यासाठी. ‘ओव्हरफ्लो’ नियमित क्रियापद आहे, दुसरं रूप ‘ओव्हरफ्लोड’, तिसरंही ‘ओव्हरफ्लोड’. ‘ओव्हरफ्लोन’ हे आजच्या इंग्रजीत ‘ओव्हरफ्लाय’चं, म्हणजे वरून उडत जाण्याचं, तिसरं रूप. शिवाय टाकी ओसंडते ती आपली आपण, तिथे ‘वॉज’चं काय काम? सरळ ‘डिड इट ओव्हरफ्लो?’ विचारायचं होतं. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी विचारलंय ते असं, की आपल्या टाकीवरून विमान गेलं होतं का. लोहगावला येणारी-जाणारी विमानं तुमच्या गच्चीवरून दिसत असतील, तर नोटिशीखाली हिरव्या पेनाने ‘यस, ट्वाइस’ लिहा.